जिवंत चिखल

ऐरोलीला ठाणे खाडीच्या काठावर वनखात्याच्या कांदळवन कक्षाचं किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्र आहे. फ्लेमिंगो पाहायला निघणाऱ्या होड्या इथून सुटतात, त्यामुळे हंगामात ठाणे, कल्याण, डोंबिवलीहून आलेल्या कुटुंबांची इथे गर्दी असते. याच केंद्रात समुद्री शोभिवंत माशांची एक हॅचरीही आहे. काचेच्या टाक्या, मोजूनमापून खारं ठेवलेलं पाणी, आणि त्यात नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले इवलेसे क्लाउनफिश. प्रवाळाच्या खडकांतला हा मासा इथे टाकीत जन्माला येतो. समुद्रातून तो कमी पकडला जावा आणि किनाऱ्यावरच्या लोकांना त्याच्या पालनातून चार पैसे मिळावेत, असा त्यामागचा विचार आहे आणि तो चांगला आहे.

ओहोटी लागली की केंद्राच्या पलीकडे खाडीचा चिखल उघडा पडतो. त्यावर दुसरा एक लहान मासा पुढच्या परांवर रेलून बसलेला असतो. डोळे माथ्यावर आलेले, रंग चिखलाचाच. कोळी आणि आगरी त्याला निवटी म्हणतात, कुठे निवटा. डोंबिवलीतल्या चौथीतल्या मुलाला क्लाउनफिशचं चित्र दाखवलं तर तो ‘नीमो’ म्हणून लगेच ओळखतो; २००३ सालच्या चित्रपटानं तेवढं काम केलं आहे. निवटीचं चित्र त्याला बहुधा अनोळखी वाटेल. त्याचे आईवडील मात्र धीम्या लोकलनं मुंब्रा आणि कळव्याच्या मधे रोज तिच्या घराशेजारून जात असतात.

हे दोन मासे शेजारी ठेवून पाहावेत असं वाटण्याचं कारण जीवशास्त्रात आहे. दोघांचंही आयुष्य एका फार लहान जागेशी बांधलेलं आहे. क्लाउनफिशचं घर वाचवायचं तर काय वाचवायचं हे सरकारला, न्यायालयाला आणि सामान्य माणसालाही समजतं. निवटीच्या घराबाबत अजून तसं झालेलं नाही.

क्लाउनफिश लक्षद्वीप, अंदमान, मन्नारचं आखात अशा प्रवाळांच्या समुद्रात राहतो. तिथेही तो मनाला येईल तसा हिंडत नाही. समुद्रफूल नावाचा, पोवळ्यांच्या गोतातला एक प्राणी खडकाला चिकटून असतो. त्याच्या पाकळ्यांसारख्या स्पर्शिकांत विषारी डंख असतात. लहान मासे त्यांना लागले की लुळे पडतात. क्लाउनफिशच्या अंगावरच्या बुळबुळीत थरामुळे ते डंख त्याच्यावर चालत नाहीत. मोठा झाल्यावर तो त्या फुलापासून काही मीटरच्या पलीकडे सहसा जातच नाही. बदल्यात तो फुलाचे लचके तोडायला आलेल्या माशांना हुसकावतो, सतत हलून स्पर्शिकांमध्ये पाणी खेळतं ठेवतो, आणि त्याच्या विष्ठेतला नत्र फुलाच्या पेशींत राहणाऱ्या सूक्ष्म शैवालाला खत म्हणून मिळतो. एका फुलात एक कुटुंब असतं. सर्वांत मोठी मादी, तिच्या खालोखाल प्रजननक्षम नर, बाकीचे वाढ रोखून धरलेले लहानगे. मादी मेली की नर मादी होतो आणि लहानग्यांतला मोठा नराची जागा घेतो. घराबाहेर जोडीदार शोधायला जाणं इतकं धोक्याचं आहे की या माशानं घरातल्या घरात लिंग बदलण्याची सोय करून घेतली.

अंडी समुद्रफुलाच्या बुडाशी खडकावर घातली जातात. त्यांना पंखानं वारा घालण्याचं काम बाप करतो. पिल्लं आठवडाभरानं, सूर्य मावळल्यावर अंधारात बाहेर पडतात. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात रात्रभर मंद कृत्रिम प्रकाश ठेवलेल्या टाक्यांतलं एकही अंडं उबलं नाही. नेहमीच्या अंधारात ठेवलेली अंडी उबली. ‘घर’ म्हणताना आपल्याला भिंती आठवतात. माशाच्या घरात अंधारही मोडतो.

आता निवटी. आपल्याकडची नेहमीची निवटी म्हणजे बोलिऑफ्थाल्मस दुसुमिएरी. आशिल व्हॅलेन्सिएन या फ्रेंच मत्स्यशास्त्रज्ञानं १८३७ साली तिचं शास्त्रीय वर्णन केलं आणि हिंदी महासागरात फिरून नमुने गोळा करणाऱ्या दुसुमिए या दर्यावर्दी व्यापाऱ्याचं नाव तिला दिलं. नावाच्या पहिल्या भागाचा अर्थ ‘बाहेर फेकलेले डोळे’ असा होतो, आणि तो तिला चपखल बसतो. आपल्याकडेही तिचा अभ्यास झाला आहे. के. बी. मुत्सद्दी आणि डी. व्ही. बाळ यांनी १९६९ आणि १९७० साली मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात या माशाच्या आहारावर आणि प्रजननावर निबंध लिहिले. ठाण्याचं बांदोडकर विज्ञान महाविद्यालय तर चेंदणीला खाडीच्या काठावरच आहे. तिथल्या प्राध्यापकांनी आणि विद्यार्थ्यांनी कित्येक वर्षं खाडीचं पाणी, गाळ आणि त्यातले जीव तपासले आहेत. ज्ञान नाही म्हणून निवटी दुर्लक्षित राहिली, असं म्हणायला जागा नाही.

निवटी पाण्याबाहेर जगते हे तिचं सर्वांत मोठं वेगळेपण. बाकी मासे ओहोटीबरोबर मागे सरतात, ही वर येते. कल्ल्यांच्या कप्प्यात पाणी धरून ठेवते, आणि तोंडाच्या व घशाच्या ओल्या अस्तरातून आणि कातडीतून हवेतला प्राणवायू घेते. कातडी सुकली तर श्वास थांबेल, म्हणून ती मधूनमधून डबक्यात लोळते. पुढचे पर खांद्याशी इतके भक्कम झालेले असतात की कुबड्या टेकत चालावं तशी ती चालते, आणि घाबरली तर शेपटीचा झटका देऊन हातभर उडते. ती डोळेही मिटते. पापण्या नसल्यानं डोळा खोबणीत आत ओढून ओला करते आणि पुन्हा बाहेर काढते. डोळ्याची अशी उघडझाप कशासाठी, यावर २०२३ साली अमेरिकी संशोधकांनी काम केलं. डोळा ओला राखणं, धुणं आणि सांभाळणं या तिन्ही कामांसाठी ती होते, असं त्यांना आढळलं. माणसाची पापणीही याच तीन कामांसाठी मिटते. पाणी सोडून जमिनीवर आलेल्या प्राण्यांना कोणकोणत्या अडचणी आल्या असतील, त्याचा जिवंत नमुना विटाव्याच्या पुलाखाली पाहायला मिळतो.

तिचं जेवण पाहण्यासारखं असतं. कापणी करणाऱ्या माणसाच्या विळ्यासारखं डोकं डावीकडून उजवीकडे फिरवत ती चिखलाचा वरचा पापुद्रा खरवडून घेते. त्या पापुद्र्यात डायाटम असतात, म्हणजे काचेसारखं कवच असलेलं एकपेशीय शैवाल. ओहोटीत ऊन पडलं की हे शैवाल वर सरकतं आणि चिखलावर सोनेरी-तपकिरी झाक येते. भरती येण्याआधी ते पुन्हा खाली उतरतं. लेसर फ्लेमिंगो चोच उलटी करून जे सूक्ष्म शैवाल गाळून खातो, तेही याच चिखलातलं आणि यावरच्या पाण्यातलं. लाखाच्या घरात येणारे पक्षी आणि वीतभर लांबीची निवटी एकाच ताटात जेवतात. हे ताट लावण्यात सांडपाण्यातल्या नत्र-स्फुरदाचाही हात असावा असा अभ्यासकांचा एक तर्क आहे. खत थोडं असेल तर शैवाल वाढतं, पण तेच फार झालं तर पाण्यातला प्राणवायू संपतो. ठाण्याची खाडी या दोन टोकांच्या मधे कुठेतरी हेलकावे खात आहे.

आणि बीळ! वरून दिसतं ते फक्त ओलं भोक. आत बोगदा खाली उतरतो, वळतो, आणि काही जातींत एक कोनाडा तयार होतो ज्याच्या छताला अंडी चिकटवलेली असतात. चिखलाच्या पोटात प्राणवायू जवळजवळ नसतो. वरच्या काही मिलिमीटरखाली तो काळा आणि सडक्या अंड्याच्या वासाचा होतो, कारण तिथले जिवाणू प्राणवायूशिवाय, सल्फेटवर जगतात. (ठाणेकर ज्या वासाला नाक मुरडतात, त्यातला काही भाग सांडपाण्याचा, पण काही खाडीच्या स्वतःच्या श्वासाचा असतो.) अशा जागी अंडी गुदमरायला हवीत. जपानमधल्या एका जातीवर झालेलं आणि २००७ साली प्रसिद्ध झालेलं काम इथे आठवतं. त्या जातीचा नर वर येऊन तोंडात हवा भरतो, खाली नेऊन कोनाड्यात सोडतो, पुन्हा वर येतो. अंडी पक्व झाली की रात्रीच्या भरतीत तोच नर तोंडानं ती हवा बाहेर काढतो. कोनाड्यात पाणी शिरतं, आणि पिल्लं बाहेर येतात. समुद्रफुलाच्या बुडाशी अंड्यांना वारा घालणारा बाप आणि चिखलात तोंडानं हवा वाहून नेणारा बाप एकाच कामाला लागलेले आहेत. प्रवाळाच्या खडकांना जगातली आश्चर्यं म्हणणाऱ्यांनी हेही त्याच यादीत घ्यावं.

निवटीच्या आणि खेकड्यांच्या बिळांनी चिखलाला भोकं पडतात, भरतीचं पाणी आत खेळतं, काळा थर थोडा उजळतो. डायाटम आपल्या चिकट स्रावानं मातीचे कण बांधून ठेवतात, म्हणून लाटेसरशी चिखल वाहून जात नाही. म्हणजे पोवळी जसा आपला खडक स्वतः बांधतात, तसा हा चिखलही त्यातले जीव सांभाळतात. नुसता गाळ साचला की असा चिखल तयार होत नाही. राडारोड्याचा ढीगही गाळच असतो, पण त्यात निवटी राहत नाही.

आपला कायदा या दोन घरांकडे कसा पाहतो?

प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या रांगेत. मुंबईच्या कोस्टल रोडच्या वाटेत हाजी अली आणि वरळीच्या खडकांवर पोवळ्यांच्या वसाहती आढळल्या, तेव्हा परवानग्या घेऊन, शास्त्रज्ञ नेमून, २०२० साली १८ वसाहती उचलून दुसरीकडे लावण्यात आल्या. प्रत्येक वसाहत मोजली गेली. पोवळी अशी हलवावीत की नाही यावर वाद होऊ शकतो, तरी मोजणी झाली ही गोष्ट लहान नाही. कांदळवनांचंही तसंच. मुंबई उच्च न्यायालयानं २००५ साली अंतरिम आदेशानं त्यांच्या तोडीला आळा घातला. १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालात कांदळवनांचा नाश म्हणजे नागरिकांच्या जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग आहे, असं स्पष्ट सांगितलं आणि भोवती ५० मीटरचा पट्टा मोकळा ठेवायला लावला. भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०१३ च्या अहवालात महाराष्ट्राचं कांदळवन १८६ चौरस किलोमीटर होतं, २०२१ च्या अहवालात ३२४. यात मोजण्याच्या सुधारलेल्या पद्धतीचाही वाटा आहे, तरी संरक्षणाचा परिणाम नाकारता येत नाही. फ्लेमिंगोंसाठी २०१५ साली ठाणे खाडीत १,६९० हेक्टरचं अभयारण्य झालं आणि २०२२ साली खाडीला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. पांढरी चिप्पी राज्याचा कांदळवृक्ष झाली, पापलेट राज्यमासा झाला.

प्रवाळ, झाड, पक्षी, ताटातला मासा या सगळ्यांना नाव आणि आकडा मिळाला. उघड्या चिखलाला मात्र व्यवहारात ‘पडीक’ हाच शब्द उरला. झाडावर कुऱ्हाड पडली तर फोटो काढता येतो, तक्रार करता येते. रात्री चार डंपर खाजणात रिकामे झाले तर सकाळी तिथे ‘सपाट जागा’ दिसते. काय गेलं ते दाखवायला काही शिल्लक राहत नाही.

इथे कांदळवनप्रेमींना कदाचित न रुचणारी एक गोष्ट सांगणं भाग आहे. कांदळवन आणि चिखलपट्टा ही एकच गोष्ट नाही. गाळ वाढला की कांदळवनातली तिवर पुढे सरकते आणि उघडा चिखल मागे हटतो. ठाणे खाडीत हे झालेलं आहे. उत्साहानं भरलेल्या वृक्षारोपण शिबिरात मुलं ओहोटीच्या चिखलात रोपं लावतात, तेव्हा ती बऱ्याचदा निवटीच्या कुरणात आणि फ्लेमिंगोच्या ताटात झाडं लावत असतात. जिथे कांदळवन तोडलं गेलं तिथे ते पुन्हा लावणं योग्यच आहे. पण मोकळा चिखल दिसला की तिथे काहीतरी उणं आहे, झाड लावून ते भरून काढलं पाहिजे, ही समजूत ‘पडीक’ म्हणणाऱ्या बिल्डरच्या समजुतीपासून फार दूर नाही. दोघांनाही तो चिखल रिकामा वाटतो.

सागरी किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचनांनी, २०११ च्या आणि २०१९ च्याही, चिखलपट्ट्यांना सर्वांत कडक संरक्षणाच्या वर्गात ठेवलं आहे. त्यात एक अट आहे: चिखलपट्टा जैविकदृष्ट्या सक्रिय, म्हणजे जिवंत असला पाहिजे. अट शास्त्राला धरूनच आहे. पण चिखल जिवंत आहे हे कोण ठरवणार, वर्षातून कितीदा, कोणत्या भरतीला? भर उन्हात, दुपारच्या भरतीला गेलेल्या पाहणी पथकाला पाण्याखेरीज काहीच दिसणार नाही. भरतीत बरेच जीव बिळात असतात.

‘खाडी तर मेलीच आहे, आता काय राखायचं?’ हा प्रश्न कल्याण-डोंबिवलीत नेहमी ऐकू येतो आणि तो उगाच विचारला जात नाही. ज्या खाडीत शिवाजी महाराजांनी आरमाराची सुरुवात केली असं कल्याणकर अभिमानानं सांगतात, तिच्यात आज जलपर्णी आणि नाल्यांचं पाणी आहे. १९६० च्या दशकात आलेल्या डोंबिवली एमआयडीसीची रसायनं शहरानं सोसली आहेत. फेब्रुवारी २०२० मध्ये तिथला एक रस्ता गुलाबी झाला होता, तेव्हा नाल्यांत काय उतरत असेल याची कल्पना सगळ्यांनाच आली. लोकांना घरं हवीत, पूल हवेत, तासभर वाचवणारा रस्ता हवा. लोकलच्या दारात लटकणाऱ्या माणसाला निवटीसाठी थांब असं सांगणं अन्यायाचं ठरेल.

पण या युक्तिवादात दोन गोष्टी सुटतात. पहिली अशी की प्रदूषित होणं आणि बुजवलं जाणं यात फार अंतर आहे. सांडपाण्याचं शुद्धीकरण सुधारलं तर खाडी सावरू शकते. रोज दोनदा येणारी भरती पाणी बदलतच असते. भराव टाकलेला चिखल कोणत्याही भरतीनं परत येत नाही. दुसरी गोष्ट पाण्याची. उल्हास नदी खंडाळ्याकडच्या डोंगरांतून उतरते आणि बदलापूर, कल्याण, डोंबिवलीवरून खाडीत येते. २६ जुलै २००५ चा पूर इथल्या लोकांच्या अंगावर आहे. २७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली आणि हजारावर प्रवाशांना होड्यांतून बाहेर काढावं लागलं. वरून आलेलं पाणी आणि खालून आलेलं उधाण एकाच वेळी गाठ पडलं की पाण्याला आडवं पसरायला जागा लागते. ती जागा म्हणजेच खाजणं आणि चिखलपट्टे. तिथे भराव झाला की पाणी माणसांच्या तळमजल्यांत पसरतं. निवटीचं घर राखणं आणि डोंबिवलीकराचं घर राखणं यात निवड करायची आहे असं भासवलं जातं, पण पुराचं पाणी दोन्ही घरांना एकाच नकाशात धरतं.

या सगळ्यात ज्यांचं मत कोणी विचारत नाही ते लोक खाडीकाठीच राहतात. चेंदणी, विटावा, दिवा, मोठागाव इथल्या कोळी-आगरी घरांत निवटीचं कालवण हा ओळखीचा पदार्थ आहे. मासा बुळबुळीत, म्हणून आधी मीठ चोळून धुवायचा, मग चिंच किंवा कैरी घालून आंबट करायचं. निवटी हातानं धरणाऱ्या बाईला कोणतं बीळ निवटीचं, कोणतं चिंबोरीचं हे भोकाच्या कडेवरून कळतं. उधाणाला चिखल किती दूरवर उघडा पडतो आणि भांगाला किती, हे ती तिथीवरून सांगते. गुडघाभर चिखलात कुठे पाय रोवायचा हेही तिला ठाऊक असतं. चिखल जिवंत आहे की नाही याची पाहणी ही माणसं पिढ्यानपिढ्या पोटासाठी करत आली आहेत. पाहणी पथकात त्यांना मानधन देऊन घ्यावं, त्यांच्या नोंदीला कागदावर जागा द्यावी. प्रयोगशाळेतल्या तपासणीला तो पर्याय नाही, पण कुठे तपासायचं हे सांगायला त्यांच्याइतकं दुसरं कोणी नाही.

फ्लेमिंगोंची गणना बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी करते आणि तिचे आकडे आले की वर्तमानपत्रांत बातमी होते. तशी निवटीची मोजणी का होऊ नये? पक्षी उडून जातो, त्याचं येणं-जाणं कच्छपर्यंतच्या पाण्यावर अवलंबून असतं. निवटी आपला चिखल सोडून जात नाही, त्यामुळे तिचा आकडा त्याच चिखलाबद्दल बोलतो. त्यासाठी महागडं यंत्र लागत नाही. मोठागावचा काठ, मुंब्र्याचं रेतीबंदर, कळवा, विटावा, चेंदणी, ऐरोली अशा ठरलेल्या जागा, एकाच अमावस्येची ओहोटी, मीटरभर लांबी-रुंदीची दोरीची चौकट आणि मोजणारी चार माणसं पुरतात. शाळा-महाविद्यालयांना हे सहज जमेल. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, सलग दहा वर्षं मोजणी झाली, तर ‘जैविकदृष्ट्या सक्रिय’ या शब्दांच्या शेजारी लिहायला एक आकडा असेल आणि एखाद्या जागी तो शून्यावर आला तर कधी आला हेही कळेल.

मोजायला जाणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की माणसाची सावली पडली की निवट्या टपाटप बिळात जातात आणि चिखल ओस दिसू लागतो. काठावर हालचाल न करता दहा-पंधरा मिनिटं थांबावं लागतं. मग आधी एका भोकातून डोळ्यांची जोडी वर येते, ती खोबणीत जाते, पुन्हा वर येते, आणि हळूहळू आजूबाजूच्या भोकांतूनही.